नाण्यानं वाजवलेली पाती

आमच्या जयपूरच्या घराच्या दारावर, कडीच्या खाली वीतभर, एक गोल झिजलेला डाग होता. तो वरच्या मजल्यावरच्या काकांनी पाडला होता. कडी ते कधी वाजवत नसत, घंटी तर नाहीच. खिशातून भोकाचा पैसा काढायचे, दारावर तीन ठिकाणी टकटक करायचे, कान लावायचे आणि मग हाक मारायचे. मी दार उघडलं की आधी दाराबद्दल सांगायचे. "वहिनी, तुमच्या दाराला खालून वाळवी लागलीय. चौकट अजून ठीक आहे." मग बाकीचं. एकदा तर माझ्या सासऱ्यांचा फोटो भिंतीवर टांगलेला, त्याची फ्रेम वाजवली आणि म्हणाले, "आत हवा शिरलीय." फोटो काढून पाहिला तर मागे पुठ्ठा सुटला होता.

नवे पैसे येऊन जुने चालेनासे झाले तरी तो भोकाचा पैसा त्यांनी सोडला नाही. भोकात दोरा ओवून सदऱ्याच्या खिशाला बांधलेला असे. गल्लीतली पोरं त्यांना टनटन बाबूजी म्हणायची, तोंडावरसुद्धा. त्यांना राग यायचा नाही. कुणी भाजीवाला कलिंगडं घेऊन आला की आमच्या बनी पार्क वस्तीतल्या साऱ्या बायका त्यांना गच्चीवरून खाली बोलवायच्या. ते वाजवतील ते कलिंगड लाल निघायचं. कुंभार आला की मडकी वाजवून द्यायचे. मडकं वाजवून घ्यायची रीत आपल्याकडेही आहे, पण आपण बोटाने वाजवतो आणि कुंभाराच्या तोंडाकडे बघतो. ते डोळे मिटून घेत. आणि बोलत ते दोनच शब्द, ठीक किंवा बद्द. माणसांबद्दलही तेच. ते ज्यांच्याकडे कामाला होते त्या ठाकुरसाहेबांचे एक मेहुणे होते, मोठे गोड बोलणारे, त्यांच्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "बद्द." संपलं.

आमचे हे विमा कंपनीत होते, बदली होऊन जयपूरला आलो तेव्हा माझं वय सव्वीस असेल. खालचं घर आमचं, वरचं त्यांचं. ते आणि काकू दोघंच. मूल नव्हतं. ते पन्नाशीच्या आसपास, किडकिडीत, बोटांची टोकं कायम चिकट आणि पिवळी. लढाईच्या काळात ते विमानांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात होते, लाकडी पंखे तपासायचं काम. पुढे एका ठाकुरांनी त्यांना जयपूरला आणलं. ठाकुरांची जहागीर गेली होती, मोटारखान्यातल्या मोटारी एकेक करून विकल्या गेल्या होत्या आणि रिकाम्या मोटारखान्यात त्यांना हेलिकॉप्टर बांधायचं होतं. हसू नका. खरंच बांधत होते. इंजिन एका मोडीत निघालेल्या छोट्या विमानाचं, सांगाडा नळ्यांचा, आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे डोक्यावरची तीन पाती. ती या आमच्या वरच्या मजल्यावरच्या माणसाकडे होती.

पाती लोखंडाची करायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं. लोखंड जड, आणि लोखंड तुटतं तेव्हा आधी सांगत नाही. लाकूड नुसतं घेतलं तर पाऊसपाण्यानं वाकतं. म्हणून आत शेवरीचं हलकं लाकूड आणि वरून कापडाचे पदर, एकावर एक, तिरपे, उलट तिरपे, आणि प्रत्येक पदर राळेत भिजवलेला. दोन डब्यांतलं औषध एकत्र केलं की ती राळ घट्ट व्हायला लागायची आणि दुसऱ्या दिवशी दगड. आधी त्यांनी जवळच्या बगरू गावचं जाड कापड आणलं, तिथले लोक छपाईला घेतात ते, कोरं. पुढे कुठून तरी काचेचं कापड मागवलं. काकूंनी मला ते दाखवलं. रेशमासारखं पांढरं, सळसळणारं. मी म्हटलं, "काचेचं? म्हणजे बांगडीच्या काचेचं?" काकू म्हणाल्या, "हात लावू नकोस." मी लावला. दोन दिवस मनगटाला खाज.

पदरांमध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये, ही त्यातली मेख. एक बुडबुडा राहिला की तिथे पोकळ. पोकळ राहिलं की पंखा फिरताना तिथून पदर सुटायला लागणार आणि एकदा सुटला की सगळे सुटणार. म्हणून ते बुडबुडे लाटून काढायचे, काकूंच्या लाटण्यानं. काकू म्हणायच्या, "माझ्या घरात चार लाटणी आहेत. पोळीला एक नाही. मी बाटलीनं लाटते." आणि खरंच बाटलीनं लाटायच्या, नकाशासारख्या पोळ्या व्हायच्या. तो वास, त्या राळेचा, त्यांच्या घरात, कपड्यांत, अगदी लोणच्यातसुद्धा. रात्रंदिवस खोकायचे दोघं. काकू कमी, ते जास्त.

पातं तयार झालं की रजईवर आडवं ठेवायचं आणि मुळापासून टोकापर्यंत दोन-दोन बोटांवर पैशानं वाजवत जायचं. घट्ट असेल तिथे टण. पोकळ असेल तिथे बद्द. बद्द आलं की पेन्सिलीनं गोल काढायचा आणि पातं बाद. त्यांनी किती पाती बाद केली त्याची गणती नाही. ठाकुरसाहेब चिडायचे. "आप बनाते हैं और आप ही तोड़ते हैं." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. कारखान्यात त्यांना एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं घालून दिलेला नियम होता तो. "ज्यानं वाजवलं त्यानं बसायचं." म्हणजे पंखा ठीक आहे असं ज्यानं सांगितलं, त्यानंच पहिल्यांदा त्या यंत्रात बसायचं. मग खोटं ठीक निघत नाही तोंडातून.

आणि ते बसायचे. यंत्राला चार बाजूंनी दोर बांधलेले, दोर जमिनीत गाडलेल्या खांबांना, आणि मध्ये ते बसलेले. एकदा ते हातभर वर उठलं. त्या दिवशी संध्याकाळी ते आमच्याकडे आले, दार वाजवलंच नाही. ह्यांच्यासमोर उभे राहिले आणि जमिनीपासून हात धरून दाखवला. "एवढं. खरंच एवढं." ह्यांनी विचारलं, "मग आता?" म्हणाले, "आता दोराशिवाय. एकदा दोराशिवाय उठलेलं बघितलं की झालं. मग मला काही नको." दहा वर्षांत त्या माणसानं दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही. साधा पंखा नव्हता घरात त्यांच्या, वारा घ्यायचा. जयपूरचा उन्हाळा आणि घरात ताडाचा पंखा.

तर आता ते मडक्याचं सांगते, कारण माझा यात पाय अडकला तो तिथे.

कुंभार आला होता. त्यांनी मला मडकं वाजवून दिलं, "ठीक." मी पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत सगळं स्वयंपाकघर ओलं. ते काही कामानं खाली आले, ओली जमीन बघितली, मडक्याकडे बघितलं, आणि उंबऱ्यावरच बसले. मी हसत म्हटलं, "काका, तुमचं पण चुकतं म्हणायचं." ते माझ्या तोंडाकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते ओठ बघतायत. मी मुद्दाम पाठ फिरवली आणि म्हटलं, "काका, चहा ठेवू का?" उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. उत्तर नाही.

इंजिनांनी कान खाल्ले होते त्यांचे. आधी लढाईतल्या, मग या मोटारखान्यातल्या. जाड आवाज थोडाफार पोचायचा, पण पैशाचा टण गेला होता. मी वळल्यावर म्हणाले, "कुणाला सांगू नका. हिलाही नको." काकूंना का नको, असं विचारलं, तर म्हणाले, "ती बसू देणार नाही मला."

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. नीट वाचायला लिहायला नंतर माझं मीच शिकले. पण साताऱ्याला आमची खोली तांबट आळीत होती, दिवसभर तांब्याची ठोकाठोक, आणि मी लहानपणी न बघता सांगायची की आता हंडा ठोकतायत, आता घंगाळ, आता तांब्याला चीर गेली. हे मी कधीतरी गप्पांत बोलून गेले होते. ते त्यांच्या लक्षात होतं.

मग आमचं सुरू झालं. दुपारी काकू झोपल्या की गच्चीवरच्या खोलीत पातं रजईवर ठेवलेलं असे. ते वाजवायचे, मी डोळे मिटून बसायची. टण असेल तर पंजा उघडून दाखवायचा. बद्द असेल तर मूठ. पहिल्या दिवशी मी त्यांना एकाच जागी तीन-तीनदा वाजवायला लावलं. मला म्हणाले, "घाबरू नका. मूठ दाखवली तर एक पातं जाईल. पंजा चुकला तर मी जाईन. एवढंच आहे." असं सांगितल्यावर कोण घाबरणार नाही. पण हळूहळू सवय झाली. वर्षभर मी त्यांचे कान होते. यंत्र चालवून झालं की पाती काढून, रजईत गुंडाळून, उंटगाडीवर घालून ते घरी आणायचे. ठाकुरसाहेब म्हणायचे, "टनटन बाबू पंखों को मायके ले जा रहे हैं." मोटारखान्यात पाती पुन्हा बसवली की ते सगळ्यांसमोर पैसा वाजवायचे, पण ते सोंग होतं. ऐकू तर येत नव्हतं. चालत होतं, कारण बसणार तेच होते. स्वतःच्या जिवावरचं सोंग.

माझी त्या मोटारखान्यात जायची सोय नव्हती. ठाकुरांकडे पडदा होता. मोटारखाना मर्दान्यात, पुरुषांच्या बाजूला. आम्ही मराठी बायका कुठला पडदा पाळतो, पण पाहुणं म्हणून गेलं की यजमानाची रीत आपली. आणि ह्यांच्या नोकरीचं गाव, उगाच बोलायला जागा कशाला द्या.

वैशाखात ठाकुरसाहेबांनी बेत ठरवला. दिल्लीहून दोन साहेब येणार, यंत्र बघणार, पसंत पडलं तर सरकारची मदत मिळणार. दोर सोडून उडवायचं. दोन दिवस आधी तिन्ही पाती मी ऐकली. मुळापासून टोकापर्यंत टण, टण, टण. तिन्हीला पंजा. ते इतके खूश होते की त्यांनी काकूंना एक लाटणं परत दिलं.

ठाकुराणीसाहेबांनी आम्हा बायकांनाही बोलावलं होतं. वरच्या सज्जात, चिकाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या पडद्याआड. खाली मोठं अंगण, मध्ये यंत्र, एका बाजूला खुर्च्यांवर साहेब लोक आणि त्यांच्यात आमचे हे. काकू आल्या नाहीत. म्हणाल्या, "मला ते वर जाताना बघवणार नाही आणि खाली पडताना तर नाहीच." माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती, बावीस-तेवीसची, गोरी, हातभर लाल बांगड्या. दिवस भरत आलेले. मला वाटलं ठाकुरांचीच कोणी. मी विचारलं, "आप?"

ती म्हणाली, "वो उड़ाएँगे न, मैं उनकी घरवाली."

मी म्हटलं, "कौन उड़ाएगा?"

तिने बोट दाखवलं. खाली एक तरणा माणूस हातमोजे चढवत होता. दिल्लीच्या साहेबांसमोर पन्नाशी उलटलेला खोकणारा माणूस कसा बसवायचा, म्हणून ठाकुरसाहेबांनी पायलट आणला होता. आणि हे त्यांनी काकांना तिथे गेल्यावर सांगितलं. त्यांना कळलं ते मी वरून बघितलं. ठाकुरसाहेब खांद्यावर हात ठेवून बोलत होते, आणि काका त्यांच्या ओठांकडे बघत होते, आणि मग एकदम बघायचे थांबले.

पाती पहाटे उंटगाडीवरून आली होती आणि गाडी अर्धा दिवस उन्हात उभी होती. उन्हानं राळ सैल पडते, धक्क्यानं पदर सुटतो. हे मला माहीत होतं, त्यांनीच सांगितलेलं. म्हणजे आताचं वाजवणं, ते खरं वाजवणं होतं.

ठाकुरसाहेबांनी सगळ्यांना गप्प केलं. "अब हमारे टनटन बाबू का तमाशा देखिए." ते शिडीवर चढले. अंगणात इतकी शांतता की मोर चालत होते त्यांच्या पायांचा आवाज यावा. पहिलं पातं वाजवलं. मला वर स्वच्छ ऐकू येत होतं. टण, टण, टण, टोकापर्यंत. दुसरं. तसंच. तिसरं. मी डोळे मिटून घेतले, सवयीनं. मुळापासून टोकापर्यंत एकही बद्द नाही. त्या अंगणात शंभर माणसं असतील, ऐकलं सगळ्यांनी. पण काय ऐकलं ते फक्त मला कळलं.

डोळे उघडले तर ते शिडीवर उभे होते आणि वर सज्जाकडे बघत होते. चिकाकडे. मी कुठे बसलेय ते त्यांना दिसत नव्हतं, पण ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश बघत गेले. पंजा शोधत होते.

चिकाच्या फटीतून हात बाहेर काढायचा, एवढंच होतं. पाचही बोटं. पण माझा उजवा हात त्या मुलीनं धरला होता. शिडीवर ते चढल्यापासून धरला होता, घट्ट, दोन्ही हातांनी, तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतत होत्या. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले की हात धरलेला होता. सोडवता आला असता. डावा तर मोकळाच होता. खरं असं की वर्षभर मी त्यांच्यासाठी पंजा दाखवला, त्यांच्या जिवावर, त्यांच्या परवानगीनं. या मुलीच्या नवऱ्यासाठी दाखवायचा मला धीर झाला नाही. मनात आलं, मी कोण, चौथी पास, माझ्या कानात मळ असला तर. आणि दुसरंही मनात आलं, तेही सांगून टाकते. खाली हे बसले होते, आणि मर्दान्यात हात काढणारी बाई कुणाची, असं लोक विचारतील.

ते शिडीवरून खाली उतरले. ठाकुरसाहेबांनी विचारलं, "कहिए, ठीक?"

ते म्हणाले, "साहब, मुझे सुनाई नहीं देता."

लोक हसले. त्यांना वाटलं तमाशातलाच भाग आहे. ते पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं. "एक साल से सुनाई नहीं देता. मैं नहीं कह सकता ठीक है या नहीं. इनको मत बिठाइए. मैं बैठता हूँ."

ठाकुरसाहेबांचा चेहरा मला वरूनही दिसला. ते म्हणाले, "तो साल भर कौन सुन रहा था?"

ठाकुरसाहेब जवळ आले. पुन्हा विचारलं, कानापाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं. ऐकू आलंच असेल. ते जमिनीकडे बघत राहिले. माझं नाव निघालं असतं तर मला खाली बोलवलं असतं, पडद्याआडून का होईना पुन्हा वाजवलं असतं, मी सांगितलं असतं, आणि ते यंत्र कदाचित दोराशिवाय उठलं असतं. पण त्यांनी नाव घेतलं नाही आणि मी उठले नाही.

पायलट हातमोजे काढून बाजूला झाला. जाताना त्यांच्यापुढे क्षणभर थांबला. वर त्या मुलीनं माझा हात सोडला आणि रडायला लागली. दिल्लीचे साहेब घड्याळं बघायला लागले. जेवणं मात्र झाली. गट्ट्याची भाजी, दाल-बाटी, सगळं. मीही जेवले, यजमानाच्या घरून उपाशी उठायचं नसतं म्हणून.

घरी येताना टांग्यात हे म्हणाले, "बिचारा. वर्षभर बहिरा आणि कुणाला पत्ता नाही." मी म्हटलं, "हो." नवऱ्याला हे मी पुढे वीस वर्षांनी सांगितलं. ऐकून ते इतकंच म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतंस तर मीच वर बघून हात केला असता." खरं वाटलं नाही मला. पण ऐकायला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ठाकुरांनी त्यांना कामावरून रजा दिली. पाती उंटगाडीवर टाकून पाठवली, रजई न गुंडाळता. यंत्र मोटारखान्यात तसंच राहिलं, त्यावर मोर बसायचे असं कानावर येई, पुढे भंगारवाल्यानं नेलं.

मग वरून करवतीचा आवाज सुरू झाला. दोन दिवस. सकाळी सुरू व्हायचा, जेवणापुरता थांबायचा, दिवेलागणीपर्यंत. ते राळेचं पातं कापायला फार जड जातं, करवत ओरडते. मी वर गेले नाही. माझं तोंड नव्हतं जायला. मी खाली पोळ्या करायची आणि वर ती करवत, आणि मला वाटायचं की ती माझ्यावरच चाललीय.

तिसऱ्या दिवशी दारावर तीन वेळा टकटक झाली. दार उघडलं तर ते. दाराबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "वहिनी, पोकळ होतं."

मी पिठाचे हात पदराला पुसले.

"तिसऱ्या पात्यात. मुळापासून हातभर अंतरावर, सुपारीएवढं. तुमचा कान चुकला नव्हता, ते नंतर सुटलं. उन्हानं, गाडीवर. वर बसून तुम्हाला एवढं ऐकू येण्यासारखं नव्हतं." मग म्हणाले, "हात दाखवला नाहीत ते बरं झालं. तो पोरगा गेला असता."

आणि गेले वर. खरं सांगते, माझ्या अंगातून ताप उतरल्यासारखं झालं. त्या रात्री मी चार दिवसांनी झोपले. दुसऱ्या दिवशी साखरभात केला आणि वर पाठवला. काय म्हणून केला, त्याची आता लाज वाटते. काकूंनी वाटी धुऊन परत पाठवली, आत दोन लवंगा घालून, रिकामी द्यायची नाही म्हणून.

त्यानंतर ते वाजवायचे थांबले. पैसा खिशाला बांधलेला असायचा पण हात जायचा नाही. कलिंगडवाला आला की बायका हाक मारायच्या, मग कुणीतरी आठवण करून द्यायचं आणि गप्प व्हायच्या. पोरांनी टनटन म्हणणं सोडलं, कारण ऐकू न येणाऱ्याला चिडवण्यात काय मजा. काकू शिवणकाम करायला लागल्या. ते गच्चीवर बसून असायचे, आकाशाकडे बघत वगैरे नाही, भिंतीकडे. दोन हिवाळे असे गेले. खोकला वाढला. त्या राळेनं छाती आधीच खाल्ली होती. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय.

डॉक्टर तपासायला आले तेव्हा मी तिथे होते, काकूंना सोबत म्हणून. डॉक्टरांनी एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक करत खाली खाली आले. आणि काका हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. काकू दचकल्या. ते म्हणाले, "हा तर माझंच काम करतोय. फक्त पैसा नाही याच्याकडे."

डॉक्टर निघाले तेव्हा काकू त्यांना पोचवायला खाली उतरल्या. खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पैसा काढला, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या फासळ्यांवर वाजवायला सुरुवात केली. वरून खाली, दोन-दोन बोटांवर. मी डोळे मिटले. डावीकडे वरपासून खालपर्यंत आवाज होता. उजवीकडे वर होता. मग बद्द. बद्द. बद्द. थेट खालपर्यंत, भिजलेल्या भिंतीवर वाजवावं तसं.

मी डोळे उघडले आणि पंजा दाखवला. पाचही बोटं, सरळ, चांगली वर धरून.

त्यांनी त्या पंज्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ठीक. मग बसतो." आणि उशीला टेकून उठून बसले. काकू वर आल्या तेव्हा बसलेलेच होते, म्हणाले भूक लागलीय.

नऊ दिवसांनी गेले.

काकूंचे भाऊ उज्जैनला होते, त्यांच्याकडे जायचं ठरलं. घर आवरायला मी वर जायची. डबे, लाटणी, कापडाचे तुकडे. शेवटच्या दिवशी काकूंनी एक गाठोडं पुढे केलं, जुन्या रजईचं. "हे घेऊन जा बाई. चुलीत घालू नकोस मात्र, धूर वाईट येतो. खरं तर तुला द्यायचं नाही असं म्हणून गेलेत. तिच्या हाती लागू देऊ नकोस, म्हणाले. का ते सांगितलं नाही. पण भंगारवाल्याला द्यायला माझा हात धजत नाही, आणि उज्जैनला ही लाकडं कुठे नेऊ."

खाली येऊन मी गाठोडं सोडलं. तिसरं पातं होतं. वड्या पाडाव्यात तसे काप केलेले, दोन-दोन बोटांचे, प्रत्येकावर पेन्सिलीनं आकडा. एक, दोन, तीन, मुळापासून टोकापर्यंत. मी ते जमिनीवर ओळीनं मांडले. हातभर अंतरावरचा काप हातात घेतला. सुपारीएवढी पोकळी शोधली. नव्हती. त्याच्या अलीकडचा पाहिला, पलीकडचा पाहिला. कापलेल्या तोंडाशी पदरावर पदर दिसत होते, तिरपे, उलट तिरपे, दोन पदरांत सुईचं टोक शिरणार नाही इतके घट्ट. मी सगळे काप पाहिले, सगळे. मग स्वयंपाकघरातून चमचा आणून एकेक वाजवला. टण, टण, टण.

मी पुन्हा वर गेले. काकू ट्रंकेला दोरी बांधत होत्या. मी विचारलं, "काकू, पातं कापलं तेव्हा तुम्ही होता का इथं?"

"होते की. दोन दिवस तेच. एक काप काढायचे, उन्हात धरून बघायचे, पुढचा काढायचे. मी म्हटलं, काय शोधताय, तर म्हणाले, खोट. शेवटचा काप झाला तेव्हा तिथेच जमिनीवर बसून राहिले. मी चहा दिला, तो गार झाला. मग उठले, तोंड धुतलं, सदरा बदलला, आणि तुझ्याकडे खाली गेले."

"माझ्याकडे कशाला, म्हणाले का काही?"

"म्हणाले, तिला सांगून येतो. काय ते तुला माहीत." आणि दोरीची गाठ माझ्यापुढे केली. "बोट ठेव जरा इथं."

मी बोट ठेवलं.

बाकीचे काप बदल्यांमध्ये कुठे कुठे गेले. एक अजून आहे माझ्याकडे. कुकर उतरवला की त्यावर ठेवते. इतकी वर्षं रोज तापतंय, रोज भिजतंय, एकही पदर सुटलेला नाही.